आधी गीरचं परमिट, मग दीवचं हॉटेल
भाऊ, दीवचं हॉटेल आत्ताच बुक करू नकोस. गीरच्या सफारीचं परमिट वनखात्याच्या साइटवर मिळालं, की बाकीचं त्याभोवती बसव. १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद, म्हणजे श्रावणातला बेत बाद. सफारी जिथून सुटते त्या सासणहून दीव शंभरेक किलोमीटर. दीवच्या समुद्रकाठच्या गंगेश्वर महादेवाला भरतीची वेळ विचारून जा. लाट थेट पिंडींवरून जाते, खरी मजा तीच. पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला उन्हं कलल्यावर बघ, दुपारी दगड नुसता तापतो. आणि हो, नाशिकची वाइन डिकीत टाकायचा मोह आवर! वाटेत सगळा गुजरात, तिथे दारूबंदी. दीवमध्ये उघड मिळते, पण येताना नाक्यावर डिकी उघडायला लावू शकतात. प्यायची ती तिथेच.