बारोलो फिकी आणि तुरट लागली तर ती खराब समजायची का?

तुम्ही मिलानहून लिहिलंय की 2019 ची बारोलो (इटलीतल्या पिएमोन्ते प्रांताची लाल वाइन) उघडली, रंग फिका निघाला, पेल्याच्या कडेला विटकरी छटा, पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या, आणि दुकानदार म्हणतो, ‘ही अशीच असते.’ नेमकं हेच वाक्य मी इथे तोरिनो शहरात ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सोमेलिए, म्हणजे वाइनचा प्रशिक्षित जाणकार, नाही, पिएमोन्तेत राहून आवडीने पिणारा माणूस आहे, तेवढं धरून वाचा.

तुमच्या वर्णनावरून तरी दुकानदाराचं बरोबर वाटतंय. बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षाची बनते त्याचा रंगच फिका. थोड्या वर्षांत कडेला नारिंगी झाक येतेच. टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) आणि आंबटपणा मात्र भरपूर, अल्कोहोल किमान 13 टक्के. नियमाने ही वाइन 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात. लेबलवर ‘रिझेर्वा’ म्हणजे जास्त मुरवलेली असेल तर 62 महिने. तरीही 2019 ची अजून कोवळीच म्हणायची. लेबलवर सेर्रालुंगा किंवा मोनफोर्ते या गावांचं नाव असेल तर तुरटपणा आणखी जास्त. ला मोर्रा गावची त्यामानाने मऊ आणि सुवासिक असते.

माझं प्रकरण वेगळं होतं. ऐन जुलैत एका दुकानातून ऑनलाइन बारोलोचं खोकं मागवलं आणि ते शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात उन्हाच्या काहिलीत पडून राहिलं. हाती आलं तेव्हा कॉर्क बाटलीच्या तोंडातून वर सरकलेले, कॅप्सूलखाली (बाटलीच्या तोंडावरच्या वेष्टणाखाली) वाइनचा चिकट ओघळ वाळलेला. या वाइनला गुलाब आणि डांबर असा एकत्र वास यायला हवा; आला तो मुरंबा उतू जाऊन करपल्याचा. तपकिरी रंग कडेपुरता नव्हता, पेल्याच्या मध्यापर्यंत पोचला होता. फोटो पाठवले. उत्तर आलं, नेब्बिओलो अशीच असते, तुम्हाला सवय नाही. वर हेही, की भारतीयांना गोड वाइन आवडते. कुरिअरवाले म्हणे दुकानाकडे जा, दुकान म्हणे कुरिअरकडे जा. पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. वाइनचा जो स्वभाव आहे त्याच्याच आड खराब माल लपवायचा, याची चीड मला आजही येते. शेतकरी वर्षानुवर्षं मुरवून जे देतो त्याचा हा अपमान आहे.

म्हणून सांगतो, युरोपच्या 2011 च्या ग्राहक-हक्क निर्देशाप्रमाणे माल तुमच्या हातात पडेपर्यंत नुकसानीची जबाबदारी विक्रेत्याची असते, कुरिअर तुम्ही स्वतः ठरवला नसेल तर. मी वकील नाही, तुमच्याकडचे बारकावे विचारून घ्या. पण ‘कुरिअरशी बोला’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. आणि माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर वाइन घरपोच मागवूच नये, दुकानात जाऊन आणावी.

आता तुमच्या बाटलीचं. वाइनला हवा लागावी म्हणून ती दोन-तीन तास डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत, राहू द्या आणि 16 ते 18 अंशांना प्या. मिलानच्या उन्हाळ्यात ‘खोलीचं तापमान’ धरून चालू नका, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. सोबत झणझणीत मटण रस्सा नको. टॅनिन आणि अल्कोहोलमुळे तिखट आणखी भडकतं आणि दोन्हींची मजा जाते. ब्राझातो (वाइनमध्ये मंद शिजवलेलं गोमांस) किंवा मुरलेलं चीज घ्या, तुरटपणा लगेच आवरतो.

एवढं करूनही गुलाब उमललाच नाही आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येत राहिला, तर दोष कॉर्कचा. तो हवा देऊन जात नाही. अशा वेळी उरलेली वाइन सिंकमध्ये ओतू नका; बाटली तशीच, कॉर्कसकट, पावती घेऊन दुकानात न्या आणि दुकानदाराला स्वतः वास घ्यायला लावा.