मेंदू आधीच अंदाज बांधतो म्हणजे नेमकं काय करतो?

तुम्ही विचारलंय की मेंदू वास्तवाचा आधीच अंदाज बांधतो म्हणतात, तर त्यातून विचार, भावना आणि कृती एकत्र कशा येतात?

परवा अंधारात जिना उतरत होते. माझ्या हिशेबाने एक पायरी शिल्लक होती, प्रत्यक्षात नव्हती. पाऊल जमिनीवर दाणकन आदळलं, गुडघ्याला हिसका बसला, छातीत धस्स झालं आणि ‘अरे, संपला की जिना’ हे त्यानंतर सुचलं. जमीन सपाट होती, लागलं काहीच नाही. चुकला होता फक्त अंदाज. पण त्या एका चुकीने स्नायू, काळीज आणि डोकं, तिघांनाही कामाला लावलं.

पाहणं म्हणजे नकळत काढलेला निष्कर्ष, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं. १९९९ मध्ये राव आणि बॅलार्ड या संशोधकांनी दृष्टीसाठी त्याचं गणिती मॉडेल मांडलं: मेंदूतल्या वरच्या थरांकडून खाली अंदाज जातो, खालून वर येते ती फक्त चूक, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक.

चूक आली की दोनच वाटा. एकतर अंदाज बदला, नाहीतर हातपाय हलवून जगच अंदाजाप्रमाणे करून घ्या. पहिलीला आपण समजणं म्हणतो, दुसरीला कृती. मेंदूशास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांची मांडणी साधारण अशीच आहे.

भावनेचं काय? मेंदू शरीराच्या आतलेही अंदाज बांधतो. पाणी प्यायल्यावर तहान मिनिटाभरात भागते, पण ते पाणी रक्तात पुरतं उतरायला दहाएक मिनिटं तरी लागतात. म्हणजे समाधान आगाऊच मिळतं! मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांच्या मते भीती किंवा उत्सुकता हाही छातीतल्या धडधडीचा मेंदूने लावलेला अर्थच. (हे सगळ्यांना मान्य नाही, पण मला पटतं.)

फक्त ‘एकत्र’ हा शब्द मला जरा जास्त वाटतो. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर चढून बघा. तो बंद आहे हे डोळ्यांना दिसतं, डोक्याला ठाऊक असतं, तरी पहिल्या पावलाला तोल जातो. रेनॉल्ड्स आणि ब्रॉनस्टाइन यांनी २००३ मध्ये सरकत्या पाटावर हाच प्रकार तपासला. पाट आता हलणार नाही असं स्पष्ट सांगूनही लोक पुढे झुकलेच. डोक्याला कळलेलं पायांपर्यंत पोचलंच नव्हतं.