स्पॅस्टिसिटीला ‘ताठरता’ म्हणावे का?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका ताईंनी विचारले आहे: भावाच्या मज्जारज्जूला दुखापत झाली असून फिजिओथेरपीच्या कागदावर ‘स्पॅस्टिसिटी, मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ 1+’ असे लिहिले आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीत काय सांगू? ‘ताठरता’ चालेल का? आणि हे ‘एक अधिक’ काय प्रकरण आहे?

‘ताठरता’ चालेल, पण अर्धीच. ताठर म्हणजे सदा ताठ, कसेही वाकवा, तेवढेच कठीण. स्पॅस्टिसिटी, म्हणजे मेंदू किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर स्नायूंत येणारा आखडलेपणा, तशी नसते. तोच पाय सावकाश वाकवला तर बऱ्यापैकी वाकतो, झटकन वाकवला की मध्येच अडतो. मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांच्या 1980 च्या व्याख्येचे मर्म हेच आहे: स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितका त्याचा विरोध वाढतो. पार्किन्सनमधला कडकपणा वेगाची फारशी पर्वा करत नाही. दोन्हींना ‘ताठरता’ म्हटले तर हा फरकच बुडतो. आयुर्वेदातला ‘स्तंभ’ (मन्यास्तंभ, ऊरुस्तंभ) घेतला तरी अडचण तीच. लिहिताना मी ‘वेगाधीन ताठरता’ म्हणेन. बोलताना ‘पाय आखडतो’ पुरे, कारण आखडणे ही घडणारी क्रिया आहे, कायमची अवस्था नव्हे.

आता आकडा. स्नायूचा हा विरोध मोजणारी अ‍ॅशवर्थ यांची मोजपट्टी 1964 ची, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जारज्जूचा एक आजार) असलेल्या रुग्णांसाठी केलेली, 0 ते 4. खालच्या पायऱ्यांमधला फरक नीट पकडता येईना, म्हणून 1987 मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी 1 आणि 2 यांच्यामध्ये 1+ घातला; हीच ‘मॉडिफाइड’, म्हणजे सुधारलेली, अ‍ॅशवर्थ. पण तो ‘दीड’ म्हणून वाचू नका. या पायऱ्या आहेत, लिटर-मीटर नव्हेत. 4 म्हणजे 2 च्या दुप्पट असेही नाही. तपासणारा साधारण एका सेकंदात सांधा पूर्ण फिरवतो. 1+ म्हणजे वाटेत एकदा हलकेच अडले आणि उरलेल्या हालचालीत, निम्म्याहून कमी टप्प्यात, थोडा विरोध जाणवत राहिला. या अडण्याला फिजिओथेरपिस्ट ‘कॅच’ म्हणतात; मराठीत ‘अडक’ शोभेल. वेग हाच मुद्दा असेल तर एकाच वेगाने तपासून कसे भागेल? ही शंका रास्त आहे. टार्ड्यू पद्धतीत म्हणूनच सांधा सावकाश आणि वेगाने असा दोन्ही तऱ्हांनी फिरवून कोणत्या कोनात अडतो ते पाहतात.

ताईंनी विचारले नाही, पण घरात जास्त लागेल तो दुसराच शब्द: स्पॅझम, म्हणजे स्नायू अचानक आपोआप आकसणे. इथे ‘पेटका’, ‘गोळा’, ‘वांब’ हे आपले शब्द पटकन तोंडात येतात. त्या सगळ्यांत दुखणे गृहीत आहे. मज्जारज्जूची इजा पूर्ण असेल, म्हणजे इजेखाली संवेदनाच उरली नसेल, तर पाय जोरात हलतो आणि माणसाला त्याचा पत्ताही नसू शकतो. ‘आचके’ म्हणावे तर वडीलधाऱ्यांच्या काळजात धस्स होईल. आचके मरताना देतात. जुना वैद्यकी शब्द ‘आक्षेपक’, पण ‘आक्षेप’ आज सभेत घेतात! सरळ ‘पाय उडतो’ म्हणावे. मात्र पाय उडाला म्हणजे भावाने तो हलवला असे नव्हे, हे त्याच वाक्यात सांगा, नाहीतर घरात खोटी आशा लागते. हे उडणे अ‍ॅशवर्थमध्ये धरलेच जात नाही. स्पॅझम मोजणाऱ्या पेन (Penn) यांच्या मोजपट्टीत ते रुग्णालाच विचारतात: तासाला एकापेक्षा कमी, जास्त, की दहापेक्षा जास्त?

आपल्याकडे असे शब्द तयार का नाहीत? गोव्यात वैद्यकीय शिक्षण 1842 पासून आहे, पण आधी पोर्तुगीजमधून, मग इंग्रजीतून. आणि शेजारची हिंदी मदतीला घेताना सांभाळा: आपला स्नायू म्हणजे मांसपेशी, हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे नस, मज्जातंतू.

तर ताई, घरी असे सांगता येईल: “भावाचा पाय झटकन वाकवला की थोडा आखडतो, सावकाश वाकवला तर वाकतो. 1+ ही त्या आखडण्याची खालच्या बाजूची पायरी आहे. पाय किती वेळा उडतो, ते या आकड्यात नाही.”