आश्विन-कार्तिकातले लहान मूल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शरद ऋतू ही वैद्यांची आई आणि वसंत हा बाप, अशा अर्थाचे एक जुने संस्कृत वचन आहे, कारण या दोन ऋतूंत दुखणी वाढतात आणि वैद्याचे घर चालते. पाऊस परतला की दुपारी ऊन वैशाखासारखे तापते, पहाटे मात्र पांघरूण ओढावेसे वाटते, आणि याच दिवसांत नवरात्र, कोजागरी, साफसफाई, फराळ आणि पाहुणे एकामागून एक येतात. दवाखान्यात या काळात येणारी पाच वर्षांखालील मुले पाहून माझे असे मत झाले आहे की आपण हवेला जितका दोष देतो तितका तो हवेचा नसतो. घराची रोजची घडी विस्कटते आणि मुलाच्या हाताला, तोंडाला, झोपेला त्या विस्कटण्याची झळ लागते. गेल्या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी सहा येथे घेतले आहेत.

प्रश्न (ठाणे): मुलगा ३ वर्षांचा आहे. दरवर्षी नवरात्र संपता संपता त्याला सर्दी-खोकला होतो. सासूबाई मागच्या वर्षीच्या बाटलीतले खोकल्याचे औषध देतात आणि त्याने त्याला झोप तरी लागते. हे चालेल का?

उत्तर: चालणार नाही; ती बाटली आजच टाकून द्यावी. झोप लागणे हा त्या औषधाचा गुण नसून दुष्परिणाम आहे, आणि सर्दीचा विषाणू त्याने एक दिवसही लवकर जात नाही. सर्दी-खोकल्याच्या पुष्कळ औषधांत असणारे क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊच नयेत आणि ५ वर्षांपर्यंतही ती सहसा टाळावीत, असे सर्व राज्यांना कळवले.

आता नवरात्राविषयी. गरब्याच्या मैदानावर रात्री अकरापर्यंत जागलेले, धुळीत आणि गर्दीत कडेवर फिरलेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीत गेलेले मूल दोन-तीन दिवसांनी शिंकू लागते, यात हवेचा वाटा फार थोडा आहे. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब, पिण्यास कोमट पाणी आणि झोपताना अर्धा चमचा मध एवढे पुरते. मध मात्र वर्षाखालील बाळाला चाटवण्यापुरताही देऊ नये. मूल शांत असताना त्याचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावेत. १ ते ५ वर्षांच्या मुलात ते ४० किंवा त्याहून अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला किंवा मूल पाणीही पिईनासे झाले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): ४ वर्षांच्या मुलीला तीन दिवस १०३ अंश ताप होता. आज ताप उतरला, पण ती मलूल आहे आणि पोट दुखते म्हणते. ताप गेल्यामुळे रक्ततपासणी पुढे ढकलली. शेजारी पपईच्या पानांचा रस द्या म्हणतात.

उत्तर: हे पत्र मिळताच त्यांना फोनवर तातडीने रुग्णालयात जाण्यास सांगितले होते आणि मुलगी आता बरी आहे. उत्तर येथे देतो ते इतरांसाठी, कारण ताप उतरला म्हणजे दुखणे सरले ही आपली सर्वसाधारण समजूत डेंगीच्या बाबतीत नेमकी उलटी ठरते. डेंगीचा धोक्याचा काळ साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरता उतरताच सुरू होतो. तेव्हा रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपू लागतो आणि अंग थंड लागत असतानाच मूल खालावत जाते. सतत पोटदुखी, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, विलक्षण मरगळ किंवा विलक्षण चिडचिड आणि सहा तासांत एकदाही लघवी न होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रात्र असो वा सण, मुलाला दाखल करण्याची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे.

तापासाठी केवळ पॅरासिटामॉल द्यावे, तेही वयावरून नव्हे तर वजनावरून: दर किलोला १५ मिलीग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. बाटलीवर ५ मिलीलीटरमध्ये १२० मिलीग्रॅम लिहिले आहे की २५०, हे चष्मा लावून वाचावे, कारण तोच चमचा एका बाटलीतून अपुरा आणि दुसऱ्या बाटलीतून दुप्पट पडतो. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड आणि अॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ती या तापात नकोत. पपईच्या पानांच्या कडू रसाने मळमळणाऱ्या मुलाला आणखी उलट्या होतात आणि पोटात जायला हवे ते पाणीच बाहेर पडते, म्हणून मी तो देऊ देत नाही.

आपल्या भागात उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कूलर दिवाळीपर्यंत तेथेच असतो आणि त्याच्या टाकीच्या तळाशी बोटभर पाणी राहते. डेंगीचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो, त्यांतून आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात आणि ते दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी चावतात. पाणी नुसते ओतून दिल्याने काम होत नाही, कारण टाकीच्या भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. ती काथ्याने घासूनच काढावी लागतात. दिवाळीची साफसफाई करताना माळ्याआधी कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटली हाती घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न (सांगली, एक आजोबा): नातू २० महिन्यांचा आहे. सर्वांच्या ताटात फराळ असताना त्याला नाही म्हणणे जिवावर येते. चिवडा, चकली, लाडू थोडे थोडे दिले तर काय बिघडेल?

उत्तर: आजोबा, आपला जीव तुटतो हे समजते, परंतु या प्रश्नाला मी सर्वांत अधिक जागा देणार आहे. वीस महिन्यांच्या मुलाला पुढचे दात असतात, म्हणून ते शेंगदाणा तोडू शकते. तो दळून बारीक करणाऱ्या मागच्या दाढा मात्र पुरत्या आलेल्या नसतात. अशा वेळी हसताना, पळताना किंवा कोणी गुदगुल्या केल्या असता अर्धवट फुटलेला दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी माझ्याकडे एक दोन वर्षांचा मुलगा आला होता. खोकला थांबत नव्हता आणि दोन ठिकाणी दम्याचे उपचार होऊन गेले होते. छातीला स्टेथोस्कोप लावला तेव्हा उजवीकडे हवा कमी जात होती. आईला पुन्हा पुन्हा विचारल्यावर तिला आठवले की भाऊबिजेच्या दिवशी चिवडा खाताना तो एकदा जोरात ठसकला होता आणि नंतर लगेच खेळायला लागला होता. दुर्बिणीने उजव्या श्वासनलिकेतून अर्धी शेंगदाण्याची डाळ निघाली. ठसका लागून मूल शांत झाले म्हणजे वस्तू निघून गेली असे नसते. ती पुष्कळदा खोल गेलेली असते.

म्हणून चिवड्यातले शेंगदाणे, डाळे, काजू आणि खोबऱ्याचे काप किमान ४ वर्षांपर्यंत देऊ नयेत, आणि चकली-कडबोळ्यांचे कडक तुकडेही नकोत. दोन वर्षांखालील मुलांना वरून घातलेली साखर देऊ नये हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मीही देतो, तथापि आजीच्या हातच्या रव्याच्या लाडवाचा, बेदाणा काढून कुस्करलेला, सुपारीएवढा घास सणापुरता दिला म्हणून मी कोणाला रागावत नाही. फोडणी करण्यापूर्वी मूठभर पातळ पोहे बाजूला काढून ताकात किंवा दह्यात भिजवले, तर नातवाच्या वाटीतही सर्वांसारखेच काहीतरी पडते. त्याने ते मांडीवर बसून खावे, घरभर फिरत नव्हे.

मूल गुदमरले आणि त्याला रडता-खोकता येईना, तर तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थपडा द्याव्यात. एवढ्याने वस्तू निघाली नाही, तर वर्षावरील मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने पाच दाब द्यावेत; वर्षाखालील बाळाला पोटावर नव्हे, छातीच्या मधोमध तळहाताच्या टाचेने द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट जोडतो. विजेऱ्यांवर चालणाऱ्या पणत्यांच्या तळाशी गोल, चपटी, नाण्यासारखी बटण-बॅटरी असते, आणि स्वस्त पणत्यांचे झाकण नखानेही उघडते. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत तेथे खोल जखम होऊ शकते. संशय जरी आला तरी उलटी करवू नये. वर्षावरील मुलाला दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देत, वाटेत कोठेही न थांबता, एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तेलाच्या पणतीने बोट भाजते हे मुलाला एकदाच कळते, या पणतीविषयी मात्र त्याला काहीच कळत नाही.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): मुलगी अडीच वर्षांची आहे. ऑक्टोबरअखेर घड्याळ मागे गेले की ती पहाटे पाचलाच उठते आणि संध्याकाळी सहालाच पेंगते. शिवाय भारतातील आजीशी बोलण्याची वेळही चुकते.

उत्तर: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जाते, परंतु मुलीच्या पोटातले घड्याळ तेथेच राहते. आधीच्या बुधवारपासून जेवण, अंघोळ आणि झोप रोज १५ मिनिटे उशिरा केली, तर रविवारपर्यंत हिशेब जुळतो. सकाळी उठल्यावर पडदे उघडून उजेड द्यावा. पहाटे पाचला मात्र खोली काळोखी आणि संभाषण कंटाळवाणे ठेवावे. आजीशी असलेले अंतर त्या दिवसापासून साडेचार तासांऐवजी साडेपाच तासांचे होते, म्हणजे तुमच्या संध्याकाळच्या पाचला तिच्याकडे साडेदहा वाजलेले असतात. भेट तुमच्या सकाळच्या न्याहारीला हलवावी.

तुमच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च या काळात सूर्य इतका खाली असतो की त्वचेला ड जीवनसत्त्व बनवता येत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर अधिक वेळ ऊन लागते. १ ते ४ वर्षांच्या मुलांना तेथे वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस आहे, ती सोडू नये. २ आणि ३ वर्षांच्या मुलांना शरदात नाकातून मोफत दिली जाणारी फ्लूची लस घ्यावी. तिच्यात डुकरापासून मिळवलेले जिलेटिन असते. ते नको असल्यास इंजेक्शनची लस मागता येते.

प्रश्न (कराड): मुलगी ४ महिन्यांची असून तिची पहिलीच दिवाळी आहे. घरात पहाटे अभ्यंगस्नान, उटणे, धुरी आणि रात्री फटाके असतात. तिच्यासाठी काय करावे?

उत्तर: कोमट तिळाच्या किंवा खोबरेल तेलाने हलक्या हाताने मालीश अवश्य करावी, नाकात, कानात आणि डोळ्यांत तेल घालू नये. उटण्यातली आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी मोठ्यांच्या अंगाला सुगंधी वाटली तरी चार महिन्यांच्या त्वचेवर त्यांची रवाळ पूड खरखरते आणि उडून नाकात जाते. कपाळाला बोटभर लावून रीत पाळावी आणि अंघोळ उजाडल्यावर, हवा तापल्यावर घालावी. ओवा-वेखंडाची धुरी नकोच. धूर कोणत्याही औषधीचा असला तरी फुप्फुसाला तो धूरच असतो.

फटाक्यांविषयी दोन गोष्टी. फुलबाजी आणि नागगोळी निरुपद्रवी म्हणून लहानांच्या हाती दिल्या जातात, परंतु पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत सूक्ष्म धूलिकण सर्वाधिक सोडणारी नागगोळीच ठरली, आणि फुलबाजीचा धूर भुईनळ्याहूनही वाईट निघाला. बाळाला रस्त्यापासून दूरच्या खोलीत, खिडक्या लावून ठेवावे. रात्री अकरानंतर धूर बसला की खिडक्या उघडाव्यात. मोठ्या भावंडांसाठी पाण्याची बादली जवळ असावी आणि विझलेली तार तिच्यातच टाकावी, कारण अनवाणी पाय भाजतात ते बहुधा विझलेल्या फुलबाजीनेच. भाजल्यास नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा बर्फ लावू नये.

प्रश्न (सातारा): ५ वर्षांचा मुलगा दिवसभर किल्ल्याच्या मातीत असतो. जंतुसंसर्ग होईल का?

उत्तर: किल्ला खुशाल करू द्यावा. पाचव्या-सहाव्या वर्षीची त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा राहिली असेल तर तेवढी देऊन घ्यावी, नखे कापावीत आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. माती आणताना तिच्यातील काचा, खिळे मोठ्यांनी चाळून काढावेत. मावळे धाकट्या भावंडाच्या तोंडात जाण्याएवढे लहान असतील तर ते बुरुजावर उंच उभे करावेत, आणि उतारावर अळीव पेरले असतील तर पाणी शिंपडून घालावे. खंदकात साठवून ठेवू नये, त्याचे कारण वर आलेच आहे.