वणवा विझल्यावर : वाचकांचे प्रश्न

अंजनेरीच्या वाटेवरचा उतार मार्चमध्ये वणव्यानं काळा पडला. पावसाचा थेंब नाही, तरी काही आठवड्यांत ऐनाला, सागाला पालवी! कशी? (त्र्यंबकेश्वर)

झाडं मेलीच नव्हती. खोडाचा जीव सालीच्या आतल्या पातळ, ओल्या थरात असतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळलेली. गवताची आग झरझर पुढे सरकते, तेवढ्यात आच आत पोचत नाही. चाकूनं साल खरवडून बघा : ओलसर, फिकट हिरवं दिसलं तर ती बाजू शाबूत, कोरडं तपकिरी असेल तर गेली. पालवीपुरतं अन्नपाणी मुळा-खोडात साठलेलं असतं.

कोरडी माती उष्णता फारशी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कंदरूपानं जमिनीत झोपलेली सेरोपेजिया अंजनेरिकासारखी कंदिलपुष्पंही एखादा वणवा निभावतात.

खरा घात दरवर्षीच्या वणव्यानं होतो. सागाचं रोप वरून जळतं, बुडातून पुन्हा फुटतं, पुन्हा जळतं. बोटभर काडीखालचं मूळ कित्येक वर्षांचं असू शकतं, पण झाड काही उभं राहत नाही. असं जंगल लांबून हिरवं दिसतं. जवळ जाऊन तरणी झाडं शोधा म्हणजे कळेल.

गवत पेटवलं की पुढच्या वर्षी जोमानं येतं, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. (पेठ)

गवताचे कोंब बुडाशी सुरक्षित असतात, ते न पेटवताही येतंच. राखेत पालाश असतं हे खरं, पण नत्र बरंचसं धुरात उडून जातं. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजतो, तेव्हा राख वाफ्यात राहते. डोंगरउतारावरची राख पहिल्याच जोरदार सरीत ओढ्यात.

ऑस्ट्रेलियातल्या काही झाडांना आगीची गरजच असते म्हणे. मग आपल्याकडे ओरड का? (नाशिकरोड)

तिथल्या काही बँक्सियांची कठीण फळं आगीच्या धगीनंच उघडतात. धुरातली बी रुजवणारी रसायनं, कॅरिकिन, 2004 मध्ये ओळखली गेली. ती झाडं युगानुयुगं आगीबरोबर घडली. आपल्याकडे वणवे बहुतेक माणूसच लावतो. कारवीचं बघा ना : कित्येक वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते नि मरते. त्याच उन्हाळ्यात डोंगर पेटला तर?

जळलेल्या उतारावर जूनमध्ये कोणती रोपं लावू? (इगतपुरी)

यंदा एकही नको. खड्डे खणताना जिवंत मुळं नि कंद तुटतील. ऑगस्टपर्यंत बुडातून काय फुटतंय ते पाहा, गुरं आत सोडू नका. रोपांचे पैसे राखून ठेवा आणि पावसाळ्यानंतर, गवत वाळलं की, वनखात्याला विचारून जाळरेषेला, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्याला, लावा.