खोली बघितल्याशिवाय टोकन नाही

देणं-घेणं : वाचकांचे प्रश्न

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलला. गेल्या अंकापर्यंत लोक जुने पंखे आणि सोफासेट विकत होते. आता प्रत्येकाला गोव्यात फोंड्याला खोली हवी आहे, नाहीतर द्यायची आहे. १९६७ साली सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय फर्मागुडीला, त्याच आवारात २०१६ पासून आयआयटी, जवळच फार्मसी. त्यामुळे कुर्टी, खडपाबांध, ढवळी, बांदोडा, जिथे म्हणून वरचा मजला रिकामा, तिथे ‘विद्यार्थ्यांस भाड्याने देणे आहे’.

एका दैनिकाच्या जाहिरात-खिडकीवर मी बसायचे तेव्हा छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर पडत. माणूस आधी कुठला शब्द गाळतो, त्यावरून मला घर कळायचं. ‘स्वतंत्र’ नसेल तर जिना मालकाच्या हॉलमधून जातो. ‘पाणी २४ तास’ नसेल तर बादल्या भरून ठेवायच्या. आता मोबाइलवर जाहिरात फुकट टाकता येते, तरी लोक गाळायचं ते गाळतातच. असो, पत्रांकडे वळू.

मुलीला फर्मागुडीला इंजिनिअरिंगचा प्रवेश मिळालाय, हॉस्टेल मिळालं नाही. मोबाइलवर एक जाहिरात बघितली. कॉलेजजवळ फर्निचरसकट एक बेडरूमचा फ्लॅट, भाडं ४,५०० रुपये. मालक म्हणतात, मी लष्करात आहे, बदली झाल्यामुळे दाखवायला येऊ शकत नाही. ५,००० रुपये टोकन भरलं की किल्ली कुरिअरने येईल. त्यांनी ओळखपत्राचा फोटोही पाठवलाय. भरू का? — एक आई, काणकोण

नका भरू ताई. एक पैसासुद्धा नको.

बदली झालेला फौजी ही या धंद्यातली जुनी सोंगटी आहे. लष्कराचं नाव घेतलं की आपण शंका घ्यायला लाजतो, हे त्या लोकांना नेमकं ठाऊक असतं. ओळखपत्राचा फोटो कुणाचाही असू शकतो, बहुतेक वेळा आधी फसलेल्या एखाद्याचाच असतो. तुम्ही पाठवलेले फ्लॅटचे फोटो मी मोठे करून बघितले. पलंगाच्या उशाशी भिंतीत गोल, खोलगट प्लगपॉइंट आहे, आत दोन भोकं. आपल्या घरांत असे पॉइंट कोण बसवतं? तो फ्लॅट फर्मागुडीत नाहीच. बहुधा भारतातही नाही.

यापुढची पायरीही सांगून ठेवते. तुम्ही ‘आधी घर बघते’ म्हणालात की तो म्हणेल, ‘बरं, मीच तुम्हाला एक रुपया पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयचा पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. समोरचा कितीही गोड बोलला तरी यात बदल नाही. आणि ओळखीत कुणाचे पैसे असे गेलेच असतील तर रडत न बसता त्याच मिनिटाला १९३० या क्रमांकावर फोन करायला सांगा, मग बँकेला. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता खऱ्या खोलीबद्दल. काणकोणहून मडगाव, मडगावहून फोंडा, एक दिवस मोडेल. मोडू द्या. मुलीला बरोबर घ्या आणि शक्यतो एखादी जोरदार सर पडून गेल्यावर जा. मे महिन्यात सगळ्याच खोल्या सुंदर दिसतात. आत गेल्यावर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला सांगा आणि मागच्या भिंतीवर तळहात टेकवा. हात गार पडून ओलसर लागला, किंवा नवा रंग नखाने पापुद्र्यासारखा सुटला, तर आषाढात त्या कपाटातल्या कपड्यांना बुरशी येणार. गाद्या उचलून वास घ्या. नळ सोडून बघा, संडासात पाणी ओतून बघा. पंखा पाचवर ठेवा. मालकीण नाक मुरडेल, मुरडू दे. वर मंगलोरी कौलं असतील तर कुठल्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते, हे आधीच्या मुलींना विचारा. मालकाला विचारून काय उपयोग!

आणखी एक. ‘एनआयटीपासून चालत’ असं लिहिलेल्या जाहिराती अजून फिरतात. एनआयटी फर्मागुडीहून केव्हाच कुंकळ्ळीला स्वतःच्या जागेत गेली. ज्याने इतक्या काळात जाहिरातीतली ती ओळ बदलली नाही, त्याने खोलीत काय बदललं असेल याचा अंदाज करा.

माझ्या घराचा वरचा मजला चार मुलांना दिला आहे. ती मुलं भाड्याची पावती मागतात. शेजारीण म्हणते, ‘पावती दिवं नाका गे, मागीर ते मुंडकार जातले.’ (पावती देऊ नका, नंतर ते मुंडकार होतील, म्हणजे उठवता न येणारे रहिवासी.) पुण्याचा मुलगा म्हणतो, करार करून नोंदणी केलीच पाहिजे, नाहीतर दंड. मी एकटी राहते. कुणाचं ऐकू? — घरमालकीण, कुर्टी

वहिनी, शेजारणीची भीती गोव्यात पिढीजात आहे, त्यामुळे तिला हसणार नाही. पण कायदा वाचला तर गोष्ट उलटी निघते.

मुंडकारांचा कायदा १९७५ चा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने वस्ती करून राहिलेल्या माणसाला उठवता येऊ नये, यासाठी तो आला. त्यात मुंडकार कोण हे सांगताना कोण नाही हेही सांगितलं आहे, आणि घराचं भाडं भरून राहणारा त्या ‘नाही’च्या यादीत आहे. म्हणजे तुमची मुलं भाडं भरून राहतात याचा लेखी पुरावा हीच तुमची ढाल. पावती दिलीच नाही तर उद्या कुणी म्हणेल, ‘आम्ही भाडं कुठे देत होतो, बाईंनी आम्हाला असंच राहायला दिलं होतं.’ तेव्हा काय दाखवाल? शेजारीण येईल साक्षीला? दुसरी भीती ‘कूळ’ होण्याची. ते कूळ शेतजमिनीचं, त्याचा कायदा १९६४ चा. वरच्या मजल्यावर आमटी-भात शिजवणाऱ्या पोरांचा त्याच्याशी संबंध नाही.

तुमच्या घराला लागू होतो तो भाडेनियंत्रणाचा १९६८ चा कायदा. त्यात भाडेकरूला बरंच संरक्षण आहे, आणि त्याला उठवायचं तर रीतसर कारण दाखवून भाडेनियंत्रकापुढे जावं लागतं. म्हणूनच जाणते मालक वकिलाकडून लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचा, करार करून घेतात. दुकानातून आणलेला छापील नमुना भरू नका. वकिलाची फी एकदाच जाते, आणि चौघांसाठी एकच मसुदा चालतो.

आता मुलाचं. तो पुण्यात राहतो आणि पुण्यापुरतं त्याचं बरोबरच आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात असा करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो कायदा आपल्याकडे चालत नाही. इथे १९०८ चा नोंदणी कायदा बघायचा, त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. अकरा महिन्यांची प्रथा पडली ती त्यातूनच. मुलाला सांगा, आई गोव्यात राहते.

मात्र एक गोष्ट टाळू नका. चौघांचे भाडेकरू पडताळणीचे अर्ज, फोटो आणि आधारच्या प्रतींसकट, फोंडा पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घेऊन करारासोबत ठेवा. ‘ओळखीच्या माणसाचा मुलगा आहे’ हे तिथे चालत नाही. विद्यार्थी असले म्हणून सूट नाही.

पावती कशी लिहायची हेही विचारलंय. महिना, रक्कम, रोख की यूपीआय, भरणाऱ्याचं नाव, तुमची सही. विजेचे पैसे त्यात मिसळू नका, ते वेगळ्या ओळीत. बिल तुमच्या नावाचं येतं म्हणून वरच्या मजल्याला वेगळा सब-मीटर बसवून घ्या, आणि मुलं राहायला आली त्या दिवसाचा आकडा दोघांच्याही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मुलांच्या भांडणांतली निम्मी भांडणं गिझरची असतात.

मी शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी बेंगळुरूला लागलीय, स्कूटर विकायचीय. पाटी जीए-०५ ची, म्हणजे फोंड्याची. एक माणूस रोख पैसे द्यायला तयार आहे. म्हणतो, फॉर्मवर सह्या करून दे, नावावर मी नंतर करून घेईन. मित्र म्हणतात सगळे असंच करतात. — एक विद्यार्थी, फर्मागुडी

सगळे करतात, बरोबर. म्हणून तर पाच वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची नोटीस घेऊन लोक आमच्याकडे येतात.

हे बघ बाळा, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या माणसाने तुझ्या स्कूटरने कुणाला उडवलं तर भरपाईसाठी कोर्ट तुलाच धरणार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट सांगितलं आहे, गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. कोऱ्या फॉर्मवर सही करून दिलीस की तू बेंगळुरूला बसणार, आणि तुझी स्कूटर कुठे फिरतेय हे फक्त चलन आल्यावर कळणार.

फॉर्म २९ म्हणजे तू गाडी विकल्याची सूचना, फॉर्म ३० म्हणजे ती त्याच्या नावावर करायचा अर्ज. दोन्ही पूर्ण भरून, तारीख घालून सह्या करा. घेणारा गोव्यातलाच असेल तर विकल्यापासून १४ दिवसांत तू कळवायचं, ३० दिवसांत त्याने अर्ज करायचा. विम्याचं नावही १४ दिवसांत बदलून मागायचं असतं, ते सगळेच विसरतात. माझं ऐकशील तर दोघं मिळून फोंड्याच्या आरटीओत जा, अर्जाची पावती हातात पडली की तिथेच किल्ली दे. जुनी चलनं आधी भरून टाक. आरसी, पीयूसी, विमा, त्याच्या आधारचा फोटो आणि ‘अमुक तारखेला अमुक वाजता गाडी ताब्यात दिली’ असा दोन ओळींचा कागद. त्यावर वेळ घालायला सांगते ती उगाच नाही. त्याच संध्याकाळी अपघात झालेले मी बघितलेत.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की घेणारा सापडेपर्यंत स्कूटर पर्यटकांना रोजाने देऊ का. नको. भाड्याने द्यायच्या दुचाकीची नोंदणीच वेगळी असते, तिची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी रोजाने दिलीस आणि पकडली गेली तर दंड तुझा, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार.

मे महिन्यात खोली बंद करून घरी जाते. मालक पूर्ण भाडं मागतात. द्यायचं का? — एक विद्यार्थिनी, वाळपई

सामान खोलीत ठेवलंस तर खोली तुझीच, भाडं द्यावं लागेल. अर्धं कर म्हणून बोलून बघ, बरेच मालक ऐकतात. सामान उचलून किल्ली परत देणार असशील तर महिनाभर आधी लेखी सांग. जूनमध्ये तीच खोली मिळेल ही आशा मात्र सोड.

डिपॉझिट परत देताना मालकाने रंगाचे म्हणून ६,००० कापले. खोली घेतली तेव्हाच रंग उडालेला होता. — तिघे मित्र, ढवळी

उडालेला होता याचा फोटो आहे का? पत्रात उल्लेख नाही म्हणजे नसावा. तरी मालकाकडे रंगाऱ्याचं बिल मागा. रंग लावला असेल तर बिल असेल, नसेल तर कापायचं कशाबद्दल? वापराने भिंत मळते त्याचा खर्च मालकाचा. तुम्ही चिकटवलेलं पोस्टर काढताना गिलावा निघाला असेल, तर तेवढा तुमचा. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्यात राहत्या जागेचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असं आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो कुणाला बांधत नाही, पण पुढची खोली घेताना बोलणी करायला तो आकडा कामाचा आहे.

जुना मोबाइल जाहिरातीतून घेतोय. चोरीचा नाही हे कसं ओळखू? — फोंडा

फोन हातात घेऊन स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय दिसेल. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळेल. बिल आणि खोक्यावरचा क्रमांकही जुळवून बघा. विकणारा ‘बिल घरी राहिलं’ म्हणाला तर त्याच्या घरी जाऊ म्हणा, बघा काय होतं.

पहिल्या वर्षाचा मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, एप्रन आणि पुस्तकं विकायचीत. किंमत काय लावू? — दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

ड्राफ्टर आणि बोर्ड निम्म्या किमतीला आरामात जातील. आताच जाहिरात टाक, वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले की भाव पडतो, कारण सीनियर फुकट देऊन टाकतात. ड्राफ्टरच्या पट्ट्या काटकोनात राहतात का ते घेणाऱ्यासमोर दाखव आणि स्क्रू ढिला असेल तर आधीच सांग. पुस्तकांची आवृत्ती लिही, अभ्यासक्रम बदलला असेल तर रद्दीतच घाल. एप्रन धुऊन तुझ्या धाकट्या भावंडाला ठेव. ॲसिडची भोकं पडलेला एप्रन कोण विकत घेणार?