न्यूझीलंडमध्ये माओरींना जे मिळालं ते ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांना का मिळालं नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन्ही देश इंग्रजांनीच वसवले, दोन्हीकडे आधीपासून लोक राहत होते. मग न्यूझीलंडमध्ये माओरी भाषा राजभाषा, संसदेत माओरींच्या राखीव जागा, जुन्या अन्यायाची भरपाई. आणि ऑस्ट्रेलियात यातलं जवळपास काहीच नाही, असं का? न्यूझीलंडचे गोरे जास्त सज्जन होते का?

नाही. काही वर्षं सिडनीत काढून आता मी वेलिंग्टनमध्ये राहते, आणि हे ‘सज्जन गोरे’ प्रकरण दोन्हीकडे ऐकलंय. ते मला पटत नाही, कारण सुरुवातीच्या काळात दोन्हीकडचा कारभार एकाच कचेरीतून चालत होता: सिडनीतल्या न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरच्या.

1835 हे एकच साल घ्या. त्या जूनमध्ये जॉन बॅटमन नावाच्या माणसाने आज जिथे मेलबर्न आहे तिथल्या वुरुंजेरी जमातीच्या वडीलधाऱ्यांशी जमिनीचा ‘करार’ केला. घोंगड्या, सुऱ्या, कुऱ्हाडी असल्या वस्तूंच्या बदल्यात सुमारे 6 लाख एकर. व्यवहार लबाडीचाच होता, पण त्यात एक गोष्ट गृहीत होती: जमीन या लोकांची आहे, म्हणून ती त्यांच्याकडून घ्यायची. गव्हर्नर रिचर्ड बर्कने ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढून तो रद्द केला. कारण काय, तर जमीन राजाची, मूळ रहिवाशांना ती विकण्याचा अधिकारच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, समुद्रापलीकडे न्यूझीलंडमधल्या वाइतांगीला 34 माओरी सरदारांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तो घडवून आणणारा जेम्स बझ्बी हा ब्रिटिश प्रतिनिधी याच बर्कच्या हाताखालचा. आणि हा जाहीरनामा लंडनने मान्य केला! पाच वर्षांनी, 6 फेब्रुवारी 1840 ला ब्रिटिश राणी आणि माओरी सरदार यांच्यात वाइतांगीचा तह झाला, तेव्हाही तो करणारा विल्यम हॉब्सन न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरचा दुय्यमच होता. न्यूझीलंड वेगळी वसाहत झाली ती 1841 मध्ये.

साहेब तोच होता. समोरच्या माणसाकडे काय आहे, याचा त्याचा हिशेब वेगळा होता.

ऑस्ट्रेलियाबद्दल तो हिशेब फार आधी मांडला गेला होता. 1770 मध्ये दर्यावर्दी जेम्स कुकबरोबर आलेल्या जोसेफ बँक्सने लंडनला सांगितलं की तिथे माणसं तुरळक आहेत, फारसा प्रतिकार होणार नाही. 26 जानेवारी 1788 ला कैद्यांची जहाजं सिडनीला लागली ती या भरवशावर, कुणाशी बोलणी न करता. प्रत्यक्षात त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलणारे समाज होते, आणि प्रतिकारही झाला. सिडनीच्या आसपास पेमुलवुय या योद्ध्याने 1802 पर्यंत वसाहतीला सुखाने झोपू दिलं नाही. पण हे समाज विखुरलेले होते. एकाशी लढाई म्हणजे सगळ्यांशी लढाई असं झालं नाही, आणि 1789 च्या देवीच्या साथीने सिडनीभोवतालची माणसं आधीच कापून काढली होती.

माओरींचं तसं नव्हतं. 1840 मध्ये ते 70 ते 90 हजार, गोरे जेमतेम 2 हजार. भाषा एक. रताळी-बटाटे पिकवून जहाजांना विकायचे, सिडनीला जाऊन-येऊन असायचे. होंगी हिका हा सरदार तर 1820 मध्ये इंग्लंडला जाऊन आला आणि येताना सिडनीत बंदुका जमवून घरी परतला. अशा लोकांना ‘हे नाहीतच’ म्हणणं परवडणारं नव्हतं. त्यात फ्रेंच आधी येऊन बसतील ही भीती. शिवाय मधली पन्नास वर्षंही मोजायला हवीत. 1833 मध्ये गुलामी बंदीचा कायदा झाला होता, मिशनरी मंडळींचं लंडनच्या दरबारी वजन वाढलं होतं. 1788 ला जे बिनबोभाट खपलं, ते 1840 ला तसंच खपलं नसतं.

बळी तो कान पिळी म्हणतात. इथे दुसऱ्याच्या हातातही थोडं बळ होतं, म्हणून निदान कागद करावा लागला.

पण त्या कागदाला फार डोक्यावर घेऊ नका. वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तो मंद उजेडात ठेवलाय. नऊ तुकडे आहेत. वाइतांगीला सह्या झालेल्या पानाकडे वाकून पाहिलं की कडा कुरतडलेल्या दिसतात, मधले भाग गळून गेलेत. उंदरांनी खाल्लाय तो. पाण्याने भिजलेले हे तुकडे 1908 मध्ये सरकारी इमारतीच्या तळघरात सापडले होते. राज्याचा पायाच म्हणवणारा कागद, आणि त्याची ही निगा! वर इंग्रजी आणि माओरी मजकूर एकसारखे नाहीत. इंग्रजीत सार्वभौमत्व राणीला दिलंय, माओरीत फक्त कारभार दिलाय आणि सरदारकी स्वतःकडे राखलीय. पाचशेवर सरदारांनी सह्या केल्या, त्यातल्या फक्त 39 इंग्रजी प्रतीवर आहेत. भांडणाचं मूळ तिथेच आहे.

तह झाला तरी लढाया झाल्याच. 1863 मध्ये वायकाटो या माओरी मुलखात फौज घुसली. पुढच्या एप्रिलमध्ये तौरांगाजवळ गेट पा (‘पा’ म्हणजे माओरींची गढी) इथे जे झालं ते ज्यांना माओरी ‘नशीबवान’ वाटतात त्यांनी वाचावंच. सुमारे 230 माओरी, समोर 1700 सैनिक आणि तोफा. दिवसभर भडिमार झाला, वर काही हलेना, म्हणून सैनिक खुशाल आत शिरले. माओरी जमिनीखाली खणलेल्या, लाकूड-मातीने झाकलेल्या खंदकांत जिवंत बसले होते. पायाखालून गोळ्या सुटल्या. शंभरावर ब्रिटिश मेले-जखमी झाले, आणि रात्रीच्या अंधारात माओरी निघूनही गेले. इथे सपाटून मार खाल्लेली 43 वी पलटण थेट हिंदुस्थानातून आणलेली होती; 1857 चा उठाव मोडायला ती आपल्याकडे होती. दोन महिन्यांनी ‘ते रांगा’ या ठिकाणी तिने सूड उगवला.

लढाईत जेवढं गेलं त्याहून जास्त पुढे कायद्याने गेलं. ‘बंडखोरी’च्या नावाखाली सुमारे 12 लाख हेक्टर जप्त. त्यानंतर 1865 चं नेटिव्ह लँड कोर्ट. माओरी जमीन कुळाची असायची, एका माणसाची नव्हे. कोर्टाने तिचे मालक नावानिशी ठरवले. सामायिक खात्यातल्या जमिनीचं आपल्याकडे काय होतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको: एका भाऊबंदाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकला की सगळं खातं उसवतं. तिथे हेच सरकारी पद्धतीने, देशभर झालं. वर मोजणीचा खर्च, कोर्टाचा खर्च, महिनोन् महिने शहरात राहण्याची उधारी. ती फेडायला पुन्हा जमीनच विकायची. 1877 मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्टने तर तहाला कायद्याच्या दृष्टीने काडीची किंमत नाही असं ठरवून टाकलं. 1896 च्या जनगणनेत माओरी सुमारे 42 हजार उरले होते.

पारिहाका या माओरी गावाबद्दल वाचताना मला अजूनही गलबलून येतं. ‘ते फिती’ आणि तोहू या तिथल्या दोन पुढाऱ्यांनी जप्त जमिनीवर नांगर धरायला माणसं पाठवली. हत्यार उचलायचं नाही, पकडले गेले की दुसरे पुढे यायचे. 5 नोव्हेंबर 1881 ला दीड हजारावर सैनिक-स्वयंसेवक गावावर चालून आले, तेव्हा वाटेत मुलं गात बसली होती. दोघांना पकडलं, गाव मोडलं. तेव्हा गांधीजी बारा वर्षांचे होते.

मग फरक कुठे पडला? माझ्या मते 1867 च्या एका कायद्यात, ज्याचा हेतू काही फार उदात्त नव्हता. माओरींसाठी संसदेत चार जागा, त्याही पाच वर्षांपुरत्या. लोकसंख्येच्या मानाने अगदीच तुटपुंज्या. पण 21 वर्षांवरच्या प्रत्येक माओरी पुरुषाला मत मिळालं, मालमत्तेची अट न लावता. जागा पुढे कायम झाल्या आणि आज सात आहेत. दाराच्या फटीत पाय अडकलेला राहिला, तो कुणाला काढता आला नाही. ऑस्ट्रेलियात पहिला मूळ रहिवासी संघीय संसदेत पोहोचला तो 1971 मध्ये, सिनेटर नेव्हिल बोनर. इथे पहिले माओरी खासदार 1868 मध्ये बसले होते. मधे शंभराहून जास्त वर्षं!

या संदर्भात ऑस्ट्रेलियाच्या 1902 च्या मताधिकार कायद्यातलं एक वाक्य मी भेटेल त्याला सांगते. त्याचा अर्थ असा: ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटं इथल्या मूळ लोकांना मतदार यादीत नाव घालता येणार नाही, न्यूझीलंड सोडून. म्हणजे सिडनीत राहणारा माओरी मत देऊ शकत होता, आणि ज्याच्या पूर्वजांची ती भूमी तो देऊ शकत नव्हता. या ‘आशिया’त आपणही होतो. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना 1925 मध्ये सूट मिळाली. मूळ रहिवाशांना संघीय निवडणुकीत सरसकट मत मिळालं 1962 मध्ये, क्वीन्सलंडच्या राज्य निवडणुकीत तर 1965 मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं: बाहेरून आलेले आपण त्यांच्या आधी मतदार झालो.

ऑस्ट्रेलियातली कत्तलींची यादी मोठी आहे. 1838 चं मायॉल क्रीक सगळ्यांना माहीत असतं, कारण तिथे सात गोऱ्यांना फाशी झाली, आणि ते अपवादात्मक होतं. 1928 मध्येही कॉनिस्टनला पोलिसांच्या तुकडीने माणसं मारली. आणि मुलं. 1997 च्या सरकारी चौकशीचा अंदाज असा की 1910 ते 1970 दरम्यान मूळ रहिवाशांचं दहातलं एक ते तिनातलं एक मूल घरातून जबरदस्तीने उचललं गेलं. पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली ती 2008 मध्ये.

आणि कागद नसल्यामुळे काय होतं ते एडी माबोच्या गोष्टीत दिसतं. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचा हा माणूस टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करायचा. तिथल्या दोन इतिहासकारांशी जेवणाच्या सुटीत बोलताना तो बेटावरच्या ‘माझ्या जमिनी’बद्दल सांगत होता. ते दोघे गप्प झाले आणि मग त्यांनी सांगितलं की कायद्याने ती जमीन तुझी नाही, सरकारची आहे. त्याचा विश्वासच बसेना. 1982 मध्ये त्याने दावा लावला. क्वीन्सलंड सरकारने मधेच कायदा करून दाव्याच्या पायाखालची जमीनच काढायचा प्रयत्न केला, तो 1988 मध्ये हायकोर्टाने (हे तिथलं सर्वोच्च न्यायालय) मोडीत काढला. 3 जून 1992 ला निकाल लागला: इंग्रज आले तेव्हा ही भूमी कुणाची नव्हती, हे खोटं आहे. माबो त्याआधी जानेवारीत कर्करोगाने गेला होता. जे बर्कच्या जाहीरनाम्याने नाकारलं, ते मिळवायला दीडशेहून अधिक वर्षं आणि एका माळ्याचं अख्खं उतारवय लागलं.

न्यूझीलंडमध्ये कोर्टात नव्याने शोध लावायची गरज नव्हती, उंदरांनी खाल्लेला का होईना पण कागद होता. 1975 मध्ये 79 वर्षांच्या फीना कूपर उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत सुमारे हजार किलोमीटरच्या मोर्चाच्या पुढे चालल्या, आणि त्याच ऑक्टोबरात तहभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाचा कायदा झाला. 1985 मध्ये 1840 पासूनच्या तक्रारी उघडल्या. वायकाटोच्या माओरींना 1995 मध्ये 17 कोटी डॉलर आणि राणीच्या सहीची माफी मिळाली. गेलेल्या जमिनीपुढे ही रक्कम चिल्लर आहे, हे माओरी स्वतःच सांगतात.

आजच्या राजकारणात अजून दोन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली, संख्या: माओरी सुमारे 17 टक्के, ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी 4 टक्क्यांच्या आत. दुसरी, राज्यघटना. ऑस्ट्रेलियात घटना बदलायला देशभर बहुमत आणि सहापैकी चार राज्यांत बहुमत लागतं. म्हणून 2023 मध्ये मूळ रहिवाशांना नुसतं सल्लागार मंडळ देण्याचा प्रस्तावसुद्धा सुमारे 60 टक्के ‘नाही’ने पडला, सहाही राज्यांत. न्यूझीलंडला अशी एकसंध लिखित घटनाच नाही. संसदेत बहुमत असलं की देता येतं, तसंच काढूनही घेता येतं. 2024 मध्ये तहाची तत्त्वं नव्याने ठरवणारं विधेयक आलं तेव्हा वेलिंग्टनचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. मुलाला खांद्यावर घेतलेले बाप, काठी टेकत चालणाऱ्या आज्या, आणि हातात लाल-पांढरे-काळे झेंडे. एप्रिल 2025 मध्ये ते विधेयक 112 विरुद्ध 11 मतांनी पडलं.

तरी न्यूझीलंडला आदर्श म्हणू नका. इथल्या तुरुंगांत निम्मे कैदी माओरी आहेत. ऑस्ट्रेलियात 4 टक्क्यांहून कमी असलेला समाज कैद्यांत एक तृतीयांश आहे. या बाबतीत तह असलेला देश आणि नसलेला देश यांत डावं-उजवं करण्याजोगं फारसं नाही.

ऑस्ट्रेलियात हालचाल आता राज्यांच्या पातळीवर आहे. बॅटमनचा कागद जिथे फाडला गेला त्या व्हिक्टोरियाने 2025 मध्ये मूळ रहिवाशांशी कराराचा कायदा केला, देशातला पहिला. तिथल्या विरोधी पक्षाने सत्ता आली तर तो रद्द करू असं जाहीर केलंय. राज्याची निवडणूक नोव्हेंबर 2026 मध्ये ठरलेली आहे.